स्क्रीन किती मागते, मेमरी किती पुरवते: डिस्प्ले कंट्रोलरच्या मर्यादा आणि लिनक्स कर्नल

एम्बेडेड बोर्डाला मॉनिटर जोडला की दोनपैकी एक तक्रार हमखास ऐकू येते. पहिली अशी: मॉनिटर फुल एचडी आहे, मग बोर्ड त्यावर कमी रिझोल्यूशनच का दाखवतोय? दुसरी अशी: चित्र छान येतं, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की स्क्रीन थरथरते, चित्र बाजूला सरकतं, मध्येच काळं होतं. पहिल्या तक्रारीत लोक मॉनिटरला दोष देतात, दुसरीत केबलला. बऱ्याचदा दोघंही निर्दोष असतात. दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच प्रश्नात असतं: डिस्प्ले कंट्रोलरला किती झेपतं हे कर्नलला कुणी सांगितलं, आणि किती सांगितलं?

माझं पीएचडीचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: एका छोट्या चिपमध्ये अनेक जण एकच मेमरी वापरत असतात, तेव्हा कुणाला जास्तीत जास्त किती वेळ ताटकळावं लागतं? प्रोसेसरला उशीर झाला तर प्रोग्राम जरा हळू चालतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. डिस्प्लेला उशीर झाला तर तो डोळ्यांना दिसतो. म्हणून डिस्प्ले हा माझा आवडता साक्षीदार आहे. या लेखात एक खरं उदाहरण घेऊन या मर्यादा समजून घेऊ. उदाहरण आहे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स चिपमधल्या एलसीडी कंट्रोलरचं. २०१३ साली बाजारात आलेल्या बीगलबोन ब्लॅक बोर्डावर हीच चिप आहे. तिचा लिनक्समधला ड्रायव्हर टिलसीडीसी या नावाने ओळखला जातो. तोही २०१३ मध्येच मुख्य कर्नलमध्ये आला. ड्रायव्हर लहान आहे, वाचायला सोपा आहे, आणि त्यात मर्यादा अगदी उघडपणे लिहिलेल्या आहेत. शिकायला याहून बरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

कंट्रोलर नेमकं करतो काय?

स्क्रीनवर दिसणारं चित्र मेमरीत ठेवलेलं असतं. त्या जागेला फ्रेमबफर म्हणतात. डिस्प्ले कंट्रोलरचं काम एवढंच: फ्रेमबफरमधून एकेक पिक्सेल उचलायचा आणि ठरलेल्या वेळी तारेवर ठेवायचा. एक ओळ संपली की थोडी विश्रांती, मग पुढची ओळ. सगळ्या ओळी संपल्या की जरा मोठी विश्रांती, मग पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० वेळा, दिवसभर.

पंगतीचं उदाहरण घ्या. स्वयंपाकघर म्हणजे मेमरी. वाढप्याच्या हातातलं आमटीचं भांडं म्हणजे कंट्रोलरच्या आतली छोटी रांग, जिला फिफो म्हणतात. आणि पंगत म्हणजे मॉनिटरवरची एक ओळ. वाढप्याने दर पानाला ठरलेल्या वेळी पोचायचंच आहे. भांडं रिकामं होण्याआधी स्वयंपाकघरातून ते भरून आलं तर काहीच अडचण नाही. पण आत गर्दी झाली, भांडं भरायला उशीर झाला, तर पुढच्या पानावर वाढणार काय? इथे आपली पंगत आणि मॉनिटर यांच्यात एक फरक आहे. पंगतीतली माणसं थांबतात. मॉनिटर थांबत नाही. त्या क्षणी तारेवर जे काही असेल तेच तो दाखवतो. याला फिफो अंडरफ्लो म्हणतात, आणि ड्रायव्हर कर्नलच्या लॉगमध्ये तशी तक्रार लिहितो.

आकड्यांत बघू. १२८० × १०२४ हे रिझोल्यूशन सेकंदाला ६० फ्रेमने दाखवायचं असेल तर पिक्सेल क्लॉक १०८ मेगाहर्ट्झ लागतो. म्हणजे दर ९.२६ नॅनोसेकंदाला एक पिक्सेल. विश्रांती धरून एका ओळीत १६८८ पिक्सेलांचा वेळ जातो, म्हणजे एक ओळ सुमारे १५.६ मायक्रोसेकंदांत संपते. तेवढ्या वेळात पुढची ओळ मेमरीतून यायला सुरुवात झालेली असलीच पाहिजे.

तीन मर्यादा, तीन वेगळी कारणं

टिलसीडीसी ड्रायव्हर तीन मुख्य मर्यादा पाळतो. तिन्ही डिव्हाइस ट्रीमधून देता येतात, आणि नाही दिल्या तर ड्रायव्हर स्वतःकडचे आकडे वापरतो. तिघींचा उगम वेगवेगळा आहे. हे एकदा समजलं की पुढचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

पहिली मर्यादा पिक्सेल क्लॉकची. ड्रायव्हरचा आपला आकडा १२६ मेगाहर्ट्झ. ही मर्यादा सर्किटची आहे. चिपमधून बाहेर पडणारे सिग्नल किती वेगाने बदलले तरी नीट वाचता येतील, हे उत्पादकाने डेटाशीटमध्ये सांगितलेलं असतं. मेमरी कितीही वेगवान असो, या मर्यादेत फरक पडत नाही.

दुसरी मर्यादा रुंदीची, आणि ती मला सगळ्यात मजेशीर वाटते. कंट्रोलरच्या जुन्या आवृत्तीत कमाल रुंदी १०२४ पिक्सेल, तर एएम३३५एक्समधल्या नव्या आवृत्तीत २०४८. हे आकडे आले कुठून? ओळीची रुंदी ज्या रजिस्टरमध्ये लिहायची तिथे जागाच मोजकी आहे. रुंदी तिथे थेट लिहीत नाहीत, १६ पिक्सेलांच्या गठ्ठ्यांत मोजून लिहितात. जुन्या आवृत्तीत त्यासाठी ६ बिट आहेत, म्हणजे ६४ गठ्ठे: ६४ × १६ = १०२४. नव्या आवृत्तीत एक बिट वाढवला, म्हणून १२८ गठ्ठे: १२८ × १६ = २०४८. बस, इतकंच. यात वेगाचा काही संबंध नाही. वहीत तेवढाच रकाना आहे.

याच रकान्यामुळे आणखी एक नियम आपोआप येतो: रुंदीला १६ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. आता स्वस्त टीव्ही आणि लॅपटॉप पॅनेलमध्ये सर्रास सापडणारं १३६६ × ७६८ हे रिझोल्यूशन घ्या. १३६६ भागिले १६ बरोबर ८५.३७५. भाग जात नाही, म्हणून ड्रायव्हर ते सरळ नाकारतो. वेग पुरेसा, मेमरी पुरेशी, तरी नाही. १३६० × ७६८ मात्र चालतं, कारण १३६० म्हणजे बरोबर ८५ गठ्ठे. 'माझा टीव्ही बोर्डाशी जुळत नाही' या तक्रारीमागे कित्येकदा हे सहा पिक्सेल असतात.

तिसरी मर्यादा बँडविड्थची. ड्रायव्हरमधला आकडा सरळ गुणाकार करून लिहिलेला आहे: १२८० × १०२४ × ६०, म्हणजे सेकंदाला ७,८६,४३,२०० पिक्सेल. ही मर्यादा कंट्रोलरची एकट्याची नाही. कंट्रोलर आणि मेमरी मिळून न अडखळता किती पिक्सेल पुरवू शकतात, त्याचा हा अंदाज आहे. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीच शेजारी टीप ठेवली आहे की हा आकडा कमीजास्त करावा लागू शकेल, आणि मेमरीची मांडणी नीट जुळवली तर आणखीही काही मोड चालतील असं दिसतं. पहिल्या दोन मर्यादा दगडावरच्या रेघा आहेत. तिसरी पेन्सिलने ओढलेली आहे.

मोड नाकारला जातो तो कसा

मॉनिटर जोडला की तो आपली यादी देतो: मला ही ही रिझोल्यूशन चालतात. ही यादी एडिड नावाच्या छोट्या माहितीपत्रात असते. १९९४ साली व्हेसा या संस्थेने तिचं प्रमाण ठरवलं. त्याआधी, आणि लिनक्सवर त्यानंतरही बरीच वर्षं, मॉनिटरच्या मर्यादा माणसाने हाताने कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहायच्या असत. जुने काचेच्या नळीचे मॉनिटर चुकीच्या वेगाने चालवले तर बिघडू शकत, म्हणून त्या फाइलींमध्ये धोक्याच्या सूचना असायच्या. एडिडमुळे मॉनिटरच्या बाजूचा प्रश्न सुटला. पण बोर्डाच्या बाजूचा तसाच राहिला, कारण चिपला कुणी एडिड दिलेलं नाही. तिच्या वतीने ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री बोलतात.

कर्नल मॉनिटरची यादी घेतो आणि ड्रायव्हरला एकेक मोड दाखवत विचारतो: हा चालेल? काही नेहमीचे मोड एएम३३५एक्ससमोर ठेवून बघू.

१२८० × ७२०, ६० फ्रेम: क्लॉक ७४.२५ मेगाहर्ट्झ, सेकंदाला ५,५२,९६,००० पिक्सेल. चालेल.

१२८० × १०२४, ६० फ्रेम: क्लॉक १०८ मेगाहर्ट्झ, पिक्सेल बरोबर मर्यादेइतके. चालेल, कारण नकार मर्यादेच्या वर गेल्यावरच मिळतो.

१४४० × ९००, ६० फ्रेम: क्लॉक १०६.५ मेगाहर्ट्झ, ७,७७,६०,००० पिक्सेल. काठावर, पण चालेल.

१६०० × ९००, ६० फ्रेम: क्लॉक १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे तिथे अडचण नाही. रुंदीही १०० गठ्ठे. पण पिक्सेल ८,६४,००,०००. बँडविड्थमुळे नकार.

१९२० × १०८०, ६० फ्रेम: क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ. पहिल्याच दारातून परत. बँडविड्थही १२,४४,१६,०००, म्हणजे दुसऱ्या दारातूनही परतच.

१९२० × १०८०, २४ फ्रेम: क्लॉक ७४.२५ मेगाहर्ट्झ, ४,९७,६६,४०० पिक्सेल. चालेल. फक्त माउस हलवताना तो रेंगाळल्यासारखा वाटेल.

फुल एचडी मॉनिटरवर कमी रिझोल्यूशन का येतं, याचं उत्तर या यादीत आहे. ६० फ्रेमचं फुल एचडी गाळलं जातं, आणि उरलेल्यांतून काय निवडायचं हे वरचं सॉफ्टवेअर ठरवतं.

बँडविड्थच्या आकड्यात काय लपलेलं आहे

इथून पुढचा भाग माझ्या कामाच्या जवळचा, म्हणून जरा सावकाश जाऊ.

तिसरी मर्यादा पिक्सेलमध्ये मोजली आहे, बाइटमध्ये नाही. बीगलबोन ब्लॅकवर कंट्रोलरपासून एचडीएमआय चिपपर्यंत १६ डेटा तारा जातात, म्हणून तिथे १६ बिटी रंग नेहमीचा. एका पिक्सेलला २ बाइट. तेव्हा कमाल मर्यादेवर मेमरीतून सेकंदाला सुमारे १५७ मेगाबाइट उचलावे लागतात. पण ड्रायव्हर ३२ बिटी बफरही घेतो. एका पिक्सेलला ४ बाइट झाले की हाच आकडा ३१५ मेगाबाइटच्या आसपास जातो. मोड तपासताना मात्र ड्रायव्हर फक्त रुंदी, उंची आणि फ्रेम यांचा गुणाकार बघतो. रंग किती बिटांचा आहे हे त्या क्षणी विचारातच नसतं. म्हणजे एकाच 'हो'चे दोन अर्थ होतात, आणि मेमरीवरचा भार दुप्पट होतो.

तुम्ही म्हणाल, ३१५ तर ३१५. या बोर्डावरची डीडीआर३ मेमरी १६ बिट रुंद आहे आणि ४०० मेगाहर्ट्झला चालते. कागदावर सेकंदाला १६०० मेगाबाइट. पाचवा हिस्साच तर लागतोय! खरी गंमत इथेच आहे. १६०० हा आकडा सलग, एका दमात, एकाच पानावरून वाचत राहिलं तरचा. प्रत्यक्षात प्रोसेसर एकीकडून मागतो, ग्राफिक्स दुसरीकडून, नेटवर्क आणि मेमरी कार्ड तिसरीकडून. दर वेळी मेमरीला एक पान मिटून दुसरं उघडावं लागतं. शिवाय सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदाला तिला स्वतःला ताजंतवानं करायला थांबावं लागतं. कागदावरचा वेग आणि गर्दीतला वेग यांत बरंच अंतर पडतं.

आणि सरासरी तर फारच फसवी. सेकंदाला इतके पिक्सेल हा हिशोब विश्रांतीचा वेळही धरून केलेला असतो. ओळ चालू असताना मागणी पिक्सेल क्लॉकच्या वेगानेच येते. १२८० × १०२४ ला ओळीच्या आत १०८ मेगाहर्ट्झने, म्हणजे १६ बिटी रंगातही २१६ मेगाबाइटच्या वेगाने. फिफो लहान असतो. अख्ख्या सेकंदाची तूट तो भरून काढू शकत नाही. त्याला काही मायक्रोसेकंदांचं राजकारण कळतं, बाकी नाही.

आता वरच्या यादीतले १२८० × १०२४ आणि १६०० × ९०० हे दोन मोड पुन्हा बघा. दोघांचा क्लॉक १०८ मेगाहर्ट्झच. म्हणजे ओळीच्या आत दोघांची भूक सारखीच. मग एक चालतो आणि दुसरा नाही, हे कसं? फरक विश्रांतीत आहे. पहिल्यात १६८८ पैकी ४०८ पिक्सेलांचा वेळ विश्रांतीचा, म्हणजे सुमारे २४ टक्के. दुसऱ्यात १८०० पैकी २००, म्हणजे ११ टक्के. पहिला वाढपी दर ओळीनंतर स्वयंपाकघरात जाऊन भांडं काठोकाठ भरून आणतो. दुसऱ्याला जेमतेम वळायला वेळ मिळतो. ड्रायव्हरचा गुणाकार ही गोष्ट थेट मोजत नाही. तरी विश्रांती कमी झाली की दिसणारे पिक्सेल वाढतात, त्यामुळे आडवळणाने का होईना, ती त्यात उतरते. साधा गुणाकार इतकी वर्षं का टिकून आहे, याचं हे एक कारण असावं असं मला वाटतं.

मर्यादा लिहायची कुठे

'कर्नल कॉन्फिगरेशन' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मेनूकॉन्फिगची निळी स्क्रीन येते. तिथे तुम्ही फक्त इतकं ठरवता: टिलसीडीसी ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर आतच की मॉड्यूल म्हणून. मर्यादेचे आकडे तिथे नसतात. ते दोन ठिकाणी असतात: ड्रायव्हरच्या सी भाषेतल्या कोडमध्ये ठरावीक आकडे म्हणून, आणि बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे आणि ते कसं जोडलंय याची कर्नलला दिलेली यादी. तिच्यात एलसीडी कंट्रोलरच्या नोंदीखाली मॅक्स-पिक्सेलक्लॉक, मॅक्स-विड्थ आणि मॅक्स-बँडविड्थ या तीन ओळी लिहिता येतात. (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत.)

लिहिताना तीन गोष्टी सांभाळा.

एक: एककं वेगवेगळी आहेत. पिक्सेल क्लॉक किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे १२६ मेगाहर्ट्झसाठी १२६०००. रुंदी पिक्सेलमध्ये. बँडविड्थ सेकंदाला पिक्सेलमध्ये. क्लॉक हर्ट्झमध्ये लिहिला तर मर्यादा हजारपट मोठी होऊन नावापुरती उरते. मेगाहर्ट्झमध्ये लिहिला तर एकही मोड पास होत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. दुसरी चूक बरी, कारण ती लगेच सापडते.

दोन: स्पेलिंग. पिक्सेलक्लॉक हा एकच शब्द आहे, मध्ये जोडरेघ नाही. जोडरेघ घातलीत तर ड्रायव्हरला त्या नावाची ओळ सापडत नाही आणि तो गुपचूप आपला ठरावीक आकडा घेतो. ना चूक दाखवतो, ना इशारा देतो. म्हणून बोर्ड चालू झाल्यावर प्रॉक फाइलसिस्टिममधल्या डिव्हाइस ट्रीच्या फोल्डरमध्ये जाऊन तुमची ओळ खरंच पोचली का ते बघा, आणि नंतर मोडची यादी बदलली का तेही बघा.

तीन: ठरावीक आकडा तुमच्या चिपचा असेलच असं नाही. हा मुद्दा पुढच्या उदाहरणाने पटेल.

दुसरा बोर्ड: उसन्या आकड्याची गोष्ट

टिलसीडीसी ड्रायव्हर एएम३३५एक्सपेक्षा जुन्या डीए८५० या चिपवरही चालतो. तिच्यातला कंट्रोलर पहिल्या आवृत्तीचा. ३०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या या चिपसाठी पिक्सेल क्लॉकची मर्यादा आहे ३७.५ मेगाहर्ट्झ. ड्रायव्हरचा ठरावीक आकडा मात्र एएम३३५एक्सवरून घेतलेला, १२६. म्हणजे डिव्हाइस ट्रीत ओळ लिहिलीच नाही तर कर्नल या चिपकडून तिच्या कुवतीच्या तिपटीहून जास्त अपेक्षा करणार. म्हणून या चिपच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ३७५०० हा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे. त्याचा परिणाम बघा: ८०० × ६०० सेकंदाला ५६ फ्रेमने दाखवायला ३६ मेगाहर्ट्झ लागतात, ते चालतं. तेच ६० फ्रेमने दाखवायला ४० मेगाहर्ट्झ लागतात, ते नाकारलं जातं. चार फ्रेमचा फरक, पण रेघ मधूनच जाते.

पण क्लॉक मर्यादेत ठेवूनही या चिपच्या एका डेव्हलपमेंट बोर्डावर फिफो अंडरफ्लो येतच होता. कारण मेमरीच्या रांगेत डिस्प्लेचा नंबर मागे होता. २०१६च्या सुमारास त्यावर दोन छोटे ड्रायव्हर लिहिले गेले. एकाने मेमरीच्या रांगेत डिस्प्लेला सगळ्यात पुढचा नंबर दिला. दुसऱ्याने मेमरी कंट्रोलरला सांगितलं की एखादी जुनी विनंती जास्त वेळ ताटकळली तर तिला पुढे काढ.

या दुरुस्तीत एक छान पेच आहे. हे आकडे डिव्हाइस ट्रीमध्ये का नाही लिहिले? कारण तिथला दंडक असा: हार्डवेअर काय आहे ते लिहा, ते कसं वापरावं हे लिहू नका. 'तारा सोळा आहेत' हे वर्णन झालं. 'डिस्प्लेला आधी वाढा' हा निर्णय झाला. निर्णयासाठी कर्नलमध्ये योग्य जागा नव्हती, म्हणून त्या बोर्डाचं नाव घेऊन आकडे ड्रायव्हरमध्येच पक्के लिहिले, आणि शेजारी प्रामाणिकपणे नोंद केली की योग्य चौकट तयार झाली की हे हलवू.

या दंडकावर आपल्या तीन मर्यादा घासून बघा. क्लॉक आणि रुंदी ही वर्णनं आहेत, वाद नाही. बँडविड्थ? ती अर्धी वर्णन आहे आणि अर्धी निर्णय. मेमरी किती वेगवान हे वर्णन. तिच्यातला किती वाटा स्क्रीनला द्यायला मी तयार आहे, हा निर्णय. आणि तो निर्णय कर्नल लिहिणारा घेऊ शकत नाही. त्या बोर्डावर काय चालणार आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानेच तो घ्यायचा.

आपल्या बोर्डासाठी आकडा कसा ठरवायचा

मी वापरते ती पद्धत साधी आहे.

क्लॉक आणि रुंदी डेटाशीटमधून घ्या. त्यात प्रयोग करू नका. जास्त क्लॉक तुमच्या टेबलावर चालला म्हणून दुसऱ्या चिपवर किंवा उन्हाळ्यात चालेलच असं नाही.

बँडविड्थसाठी मात्र प्रयोग करावाच लागतो. तुम्हाला हवा असलेला सगळ्यात जड मोड आणि हवा तो रंग निवडा. मोडटेस्ट या छोट्या साधनाने मोड हाताने लावता येतो. मग बोर्डाला जमेल तितकं छळा: मेमरीत मोठमोठ्या कॉप्या, नेटवर्कवरून सतत डेटा, कार्डावर लिहिणं, ग्राफिक्स असेल तर तेही. सगळं एकाच वेळी. दुसऱ्या खिडकीत कर्नलचा लॉग उघडा ठेवा. अंडरफ्लोची एक जरी ओळ आली तरी तो मोड त्या भारासाठी नापास. ओळी किती आल्या हे मोजत बसू नका. ड्रायव्हर त्या ओळी मुद्दाम आवरून छापतो, त्यामुळे दहा ओळी म्हणजे दहाच अंडरफ्लो असं नसतं.

रात्रभर चालवा. बोर्ड ज्या डब्यात बसणार आहे त्याच डब्यात, झाकण लावून चालवा. डीडीआर३ मेमरीचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की तिला दुप्पट वेळा रिफ्रेश करावं लागतं, म्हणजे रांग आणखी लांबते. एसीच्या खोलीत पास झालेला बोर्ड बंद पत्र्याच्या डब्यात मे महिन्यात नापास होऊ शकतो. शेवटी जो मोड पास होतो त्याचा गुणाकार करा, आणि तोच आकडा मॅक्स-बँडविड्थमध्ये लिहा. शेजारी टीप लिहा: कोणत्या रंगात, कोणत्या भाराखाली तपासलं. सहा महिन्यांनी ३२ बिटी रंग सुरू करणाऱ्या माणसाला ती टीप फार उपयोगी पडेल.

एवढा खटाटोप कशासाठी?

मर्यादा जास्त ठेवली तर स्क्रीन लुकलुकते, हे उघड आहे. घरातल्या खेळण्यात ते चालून जाईल. पण अशाच चिप कारखान्यातल्या पॅनेलमध्ये आणि रुग्णाजवळच्या उपकरणांमध्येही असतात. तिथे आकडा नीट वाचता येणं हाच तर उपकरणाचा उपयोग. आणि तिथली स्क्रीन बिघडते ती नेमकी भार जास्त असताना, म्हणजे माणूस तिच्याकडे सगळ्यात जास्त बघत असताना.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. स्क्रीन लुकलुकू नये म्हणून डिस्प्लेला कायम पुढचा नंबर दिला तर कुणाचा तरी नंबर मागे जातो. मेमरीचा वेग तेवढाच आहे. वाटा फक्त इकडून तिकडे जातो. सेन्सरकडून येणारा डेटा मेमरीत उतरायला उशीर झाला तर एखादं मोजमाप हरवतं, आणि ते हरवल्याचं स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीन अगदी स्वच्छ असते. माझ्या प्रबंधातला मुख्य प्रश्न हाच आहे: डिस्प्लेला दिलेल्या प्रत्येक वाट्यामागे बाकीच्यांचा सगळ्यात वाईट उशीर किती वाढतो, हे आधीच हिशोब करून सांगता येईल का? प्रयोग करून 'रात्रभरात दिसलं नाही' इतकंच कळतं. 'कधीच होणार नाही' हे सांगायला गणित लागतं.

तोपर्यंत एक सल्ला: मोठ्या रिझोल्यूशनचा मोह असेल तेव्हा आधी विचारा, ही स्क्रीन बघणाऱ्याला तितके पिक्सेल हवे आहेत का? दोन आकडे आणि एक आलेख दाखवायला १२८० × ७२० भरपूर झालं. उरलेली मेमरी ज्यांचा आवाज स्क्रीनवर ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ठेवा.

पुढच्या लेखात मेमरी कंट्रोलरच्या रांगेत शिरू: कोण कुणाच्या पुढे जातं, आणि 'जुनी विनंती पुढे काढ' या नियमाने सगळ्यात वाईट उशीर नेमका किती कमी होतो ते मोजून बघू.